तुम्ही बसा

माझ्या काकूला कुणी कधी बोट लावलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी मारहाणीची, जाळण्या-पोळण्याची वाट बघत बसू नये. काकांनी तिच्यावर हात उचलला नाही, सासूनं तिला उपाशी ठेवलं नाही, गल्लीत तिला कुणी शिवी दिली नाही. उलट सगळ्या बाया तिच्याशी इतक्या गोड बोलायच्या की ऐकणाऱ्याला वाटावं, काय भाग्याची बाई आहे. त्या गोडव्यानंच तिला खाल्लं. आता म्हातारपणी मी हे शांतपणे सांगावं अशी कुणाची अपेक्षा असेल तर ती माझ्याच्यानं पुरी होणार नाही.

निजामाच्या राज्याचे ते शेवटचे दिवस. मी तो काळ पाहिलेली म्हणून मला आता शाळांतून बोलावतात, शाल पांघरतात, तेव्हाचे जुलूम सांगा म्हणतात. एकदा लातुरातल्या एका शाळेत मी काकूची गोष्ट सांगायला लागले, तर हेडमास्तर चुळबुळ करायला लागले आणि म्हणाले, "बाई, हे घरगुती झालं. राज्याचं काहीतरी सांगा." घरगुती! जणू घरात माणसं राहत नाहीत, राज्यातच तेवढी राहतात. राज्याचे जुलूम खरे होते आणि ते सांगायला पुष्कळ जण आहेत. मला जो सांगायचा आहे त्याची कुठं फिर्याद झाली नाही, होणारही नव्हती, आणि करणारे सगळे आमचेच होते. नावं मुद्दाम लिहीत नाही. त्यांची नातवंडं अजून मला रस्त्यात वाकून नमस्कार करतात.

आमचं गाव रेणापूरच्या बाजाराचं. घर शेतकऱ्याचं, माझे वडील आणि काका एकत्र राहायचे. माझी माय थोरली सून, काकू धाकटी. काकू देगलूरकडची, तिच्या बोलण्यात तेलगू-कानडीची फोडणी असायची. मायला ती 'अक्का' म्हणायची. गल्लीनं पहिली एक-दोन वर्षं तिच्या बोलण्याला हसून घेतलं आणि तिनंही हसू दिलं. अंगानं उंच, आवाजानं मोठी आणि उत्तराला तयार. कुणी टोमणा मारला तर तो खाली पडायच्या आत ती परत करायची. माझी माय भित्री होती. मांजर आडवं गेलं तरी घरात येऊन पाणी पिऊन पुन्हा निघणारी. त्यामुळं लहानपणी मला वाटायचं, बाई व्हायचं तर काकूसारखं.

गल्लीनं काकूला आपलं म्हटलं ते शेवयांमुळं. उन्हाळ्यात लग्नघरी शेवया घालायच्या असल्या की गल्लीतल्या बाया जमायच्या. भिजवून वाळवलेल्या गव्हाचं दळून गाळून घेतलेलं पीठ मिठाच्या पाण्यात मळायचं, कुटून कुटून मऊ करायचं. मग बाजेला टेकवून पाट उतरता ठेवायचा. वर बसलेली बाई तळहाताखाली पिठाची दोरी वळत वळत पाटावरून खाली सोडते, आणि खाली बसलेली ती झेलून सुताच्या लडीसारखी काठीवर घेते. वरच्या बाईच्या हातात सगळं. दोरी जाड झाली तर शेवया खळीसारख्या शिजतात, बारीक झाली तर तुटते. काकूच्या हातची दोरी इतकी एकसारखी उतरायची की खाली झेलणारी बाई गप्पा मारत, न बघता झेलायची.

आमच्या गल्लीत एक रीत होती. लग्नाच्या शेवयांची पहिली लड लेकुरवाळ्या सवाष्णीनं सोडायची, ती न तुटता उतरली की तिला हळदकुंकू लावून बाजूला ठेवायची आणि नवरीबरोबर सासरी पाठवायची. काकू आली, वर्षा-दोन वर्षांत तिच्या मांडीवर लेक आली, नि त्यानंतर प्रत्येक लग्नघरची पहिली लड काकूकडंच आली. कुणी ठरवलं नव्हतं. "तुझ्याशिवाय कुणाला जमतंय गं," म्हणत तिला वर बसवायच्या. या मानानं काकू फुलून जायची. परक्या मुलखातनं आलेल्या बाईला गल्लीत बसायला जी जागा लागते ती तिला मिळाली होती, पाटाच्या वरच्या अंगाला.

जर्मन-जपानच्या लढाईच्या दिवसांत एका साली सक्तीनं धान्य वसूल करणारे सरकारी लेव्हीचे लोक आले आणि शेवयांचा तांबडा टणक गहू माप घालून घेऊन गेले. या सगळ्या गोष्टीत निजामाचा हात असलाच तर एवढाच. त्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या घरी लग्न होतं. त्यांनी मागं उरलेला, किडका, मिसळ गहू दळला. त्याला चिकाटी कुठून येणार? वरून कोरडं वारं सुटलेलं. काकू पाटावर बसली, बायांनी गाणं धरलं, पहिली लड निम्म्यावर आली आणि तुटली.

काकू म्हणाली, "पिठाला जीव न्हाई वो. जरा पाणी लावून पुन्हा मळू." गोष्ट तेवढीच होती. पण समोर चौकातल्या घरची थोरली सासू बसली होती. तिला सगळी गल्ली मोठ्या बाई म्हणायची. कुठंही हळदकुंकू असलं की पहिलं बोट तिच्या कपाळाला. तिनं तोंडाला पदर लावला आणि हसत म्हणाली, "अगं माय, तुटली की गं! नवरीला लौकर माघारी आणतीस का काय?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. सगळ्या हसल्या. काकू कशाला मागं राहते? तीही हसत म्हणाली, "आणते की! लेक तुमच्याच गल्लीची हाय, तुम्हाला नको का?" पुन्हा हशा झाला. पीठ पुन्हा मळलं, कुटलं, काकूनं दुसरी लड सोडली, ती सबंध उतरली. तिलाच कुंकू लावून नवरीबरोबर पाठवली. ही दुसरी लड पुढं कुणालाही आठवली नाही. मी स्वतः ती झेलणाऱ्या बाईच्या शेजारी बसून पाहिली होती, म्हणून मला आठवते.

ती पोरगी नांदेडच्या अलीकडं, गोदाकाठच्या एका गावात दिली होती. वर्षाच्या आत तिकडं पटकीची साथ आली आणि तिचा नवरा गेला. पुढच्या लग्नसराईच्या आधी ती माहेरी परत आली, कपाळ पुसून.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, याच्या पलीकडं त्यात काही नव्हतं. त्या गावात साथीनं घरंच्या घरं बसली होती. म्हातारी मेली, लेकरं मेली, बाळंतिणी मेल्या. त्या सगळ्यांच्या लग्नाच्या शेवया काय माझ्या काकूनं घातल्या होत्या? पण हे म्हणायचं कुणाला? काकूवर आळ कुणी घेतलाच नव्हता. घेतला असता तर काकूनं एकेकीला पुरून उरून दाखवलं असतं. नुसतं एवढं झालं की त्या उन्हाळ्यातल्या पहिल्या लग्नघरी काकू नेहमीप्रमाणं पाटाकडं निघाली, आणि मोठ्या बाईंनी तिच्या कोपराला हळूच धरलं. "तुम्ही बसा," त्या म्हणाल्या. "दर साली तुम्हीच करता. हात दुखतील तुमचे. बसा, सुपारी खा."

कालपर्यंत तिला अगं-तुगं करणारी बाई. काकू म्हणाली, "मला काय झालंय हात दुखायला?" तर चार जणी एका सुरात, "बसा वो, बसा. कामून जीवाला त्रास?" एकीनं पाटी सारून जागा केली, एकीनं पाणी आणलं, एकीनं सुपारी कातरून हातावर ठेवली. काकू बसली. पाटावर दुसरी बाई चढली, तिची दोरी कुठं जाड, कुठं बारीक, पण गाणं तसंच चालू राहिलं.

शिवीला शिवी देता येते. भांडणाला पदर खोचून उभं राहता येतं. "तुम्ही बसा" याला काय उत्तर द्यायचं? काकूनं एकदा घरी मायला विचारलं, "अक्का, मला बाजूला काढून राहिल्या का वो त्या?" माय म्हणाली, "काहीतरीच तुझं. तुला मान देऊन राहिल्या." आणि मायला सगळं ठाऊक होतं. मायच्या समोरच नदीवर बोलणं झालं होतं. आणते म्हणाली होती, आणलीच शेवटी, तिच्या तोंडून निघालंच होतं, असं. काकूची थट्टा काकूच्याच गळ्यात बांधली होती आणि ज्या बाईच्या थट्टेला ते उत्तर होतं तिची थट्टा सगळ्या विसरल्या होत्या. केसानं गळा कापणं म्हणतात ते मी त्या दोन-तीन वर्षांत रोज पाहिलं.

पाटानंतर हळदीचं जातं आलं. "तुम्ही बसा." मग बारशाला पाळण्याची दोरी. "तुम्ही बसा, आम्ही हायेत की." मग बसायची जागा ओसरीवरून अंगणात झाडाखाली आली, उन्हाची तिरीप येते म्हणून, तिच्याच भल्यासाठी. कुंकू लावायचे, पण सगळ्यात शेवटी. आवतण द्यायला आधी घरची सून कुंकवाची कोयरी घेऊन यायची, मग एखादं शेंबडं पोर दारातून ओरडून जायला लागलं. यातली एकेक गोष्ट घेऊन कुणाकडं गेलं असतं तर त्यानं काकूलाच वेड्यात काढलं असतं. उन्हातून सावलीत बसवलं, ही काय तक्रार झाली?

वडील आणि काका रोज संध्याकाळी चावडीवर जायचे. तिथं राज्याच्या गोष्टी चालायच्या. गुलामी म्हणजे काय, माणसाचा स्वाभिमान म्हणजे काय, हे माझ्या वडिलांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं ते त्याच दिवसांत. घरी आले की काकू कामून जेवत नाही, कामून बोलत नाही, हे दोघांपैकी एकानंही विचारलं नाही. काका म्हणायचे, "बायकांच्या गोष्टीत मी पडत न्हाई." मोठे आले न पडणारे. त्या वेळी नाही पडले, म्हणून बायको पडली.

काकूचा आवाज आधी लहान झाला. देगलूरकडचे शब्द तिनं टाकून दिले. गल्लीतून जाताना ती भिंतीच्या कडेनं जायला लागली. एखादीनं हाक मारली तर ती इतकी हरखून थांबायची की मला तिचा राग यायचा. हाक मारणारी विचारायची, "बरं हाय ना?" आणि उत्तराच्या आत पुढं जायची. काकू तिच्या पाठीकडं बघत म्हणायची, "हाव, बरं हाय."

मग काकूच्या लेकीचं लग्न ठरलं. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. मुखेडकडचं स्थळ, बरं घर, शेत, बैलं, सासू मवाळ. काकू कितीतरी दिवसांनी मोठ्यानं बोलली. म्हणाली, माझ्या लेकीच्या शेवया मी घालणार, पहिली लड माझ्या हातची जाणार. तिनं माहेराहून शेवयांचा गहू मागवला. रात्री जात्यावर दळताना तिचं गाणं मी पुन्हा ऐकलं. तिला वाटत होतं, एकदा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लड सबंध उतरली की झालं, मग पुन्हा सगळं पहिल्यासारखं होईल. तिचं सगळं त्या एका लडीवर होतं.

कुंकवाची कोयरी घेऊन ती स्वतः घरोघर गेली. मी तिच्याबरोबर होते. प्रत्येक दारात हसून स्वागत झालं. "येतो की वो! तुमच्या लेकीच्या शेवयाला येत न्हाई तर काय?" मोठ्या बाईंनी तर तिच्या पाठीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पीठ तयार होतं. काय पीठ होतं ते! बोट लावलं की उमटायचं आणि परत भरून यायचं. पाट टेकवला, चटया अंथरल्या, सुपारीचं तबक ठेवलं, पाण्याचे तांबे भरले. काकू अंबाडा बांधून, हिरवं लुगडं नेसून बसली. ऊन अंगणात आलं. कुणी आलं नाही.

मग निरोप यायला लागले. एकीच्या घरी अचानक पाहुणे. एकीची सून बाजूला बसलेली. मोठ्या बाईंचं अंग मोडून आलेलं. सगळी कारणं खरी वाटावीत अशी, एकही उलटून बोलता येईल असं नाही. काकू पिठावरचं फडकं पुन्हा पुन्हा ओलं करत होती. आणि माझी माय, त्याच घरात राहणारी, सख्खी जाऊ, डोक्याला फडकं बांधून आतल्या खोलीत पडली होती. "डोकं धरलंय," म्हणाली. मी आत जाऊन बघितलं तर ती टक्क जागी होती, आढ्याकडं बघत. मी म्हणाले, "माय, चल ना. कुणीच आलं न्हाई." ती म्हणाली, "मला तुझंबी लगीन करायचंय." एवढं बोलून कूस बदलली.

आपलेच दात, आपलेच ओठ. माझ्यासाठी केलं म्हणाली. आजही मला कुणी "तुझ्या भल्यासाठी" म्हटलं की मी ताडकन उठते.

मी बाहेर येऊन म्हणाले, "काकू, मी झेलते. तू सोड." ती मला बघून हसली. म्हणाली, "ये, तूच झेल." बहीण आत दाराआड उभी होती, नवरीनं या कामाला हात लावायचा नसतो म्हणून. काकूनं पिठाचा गोळा घेतला. तेवढ्यात परसातलं दार वाजलं.

शेजारची ती विधवा पोरगी आली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं, तशा बाईला लग्नघरच्या कामाला कोण बोलावतं? ती पुढच्या दारानं आली नाही, परसातून आली. वय असेल सोळा-सतरा. खांबाला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, बाया आल्या न्हाईत म्हणून कळलं. मी येऊ का खाली झेलायला? माझ्या शेवया तुम्हीच घातल्या होत्या. दुसरी लड चांगली उतरली होती, मला ठाव हाय."

सबंध गल्लीत माझ्याशिवाय ते आठवणारी ती एकटी निघाली. जिचं काय ते झालं होतं, तीच. मला वाटलं, आता काकू तिला मिठी मारेल. मी सरकून जागा केली.

काकूच्या हातातला गोळा तसाच राहिला. ती त्या पोरीच्या मोकळ्या कपाळाकडं बघत होती. मग तिच्या तोंडावर एक हसू आलं. ते मी ओळखत होते, गल्लीतल्या चार-पाच तोंडांवर ते मी कितीदा पाहिलं होतं, पण काकूच्या कधी नाही. ती गोड आवाजात म्हणाली, "नको गं माय. तू बस. हात दुखतील तुझे."

ती पोरगी बसली. उंबऱ्याजवळ, जिथं कुणी दाखवली नव्हती तिथं, स्वतःहून. काकूनं तिला सुपारी दिली. तिनं ती हातात धरली, खाल्ली नाही. जरा वेळानं उठली, सुपारी खांबापाशी ठेवली आणि आली तशी परसातून गेली. मला काकूचा इतका संताप आला की मी समोरचा तांब्या लाथेनं उडवला. अगं, तुला तर ठाऊक होतं ना ते बसणं कसं असतं! सगळ्या दुनियेनं म्हटलं असतं, तू म्हणायला नको होतंस.

काकू मला रागावली नाही. तिनं ऐकलंच नसावं. ती आपल्या तळहाताकडं बघत होती. स्वतःच्या तोंडून ते शब्द बाहेर पडेपर्यंत तिला गल्ली खोटी वाटत होती. आता एका पोरीला अशुभ मानून तिनं बाजूला बसवलं होतं. म्हणजे एखादीच्या हातानं अशुभ होतं हे खरं, आणि ते खरं असेल तर तिच्याबद्दलचंही खरं. मला हे तेव्हा असं शब्दांत कळलं नाही. मला एवढंच दिसलं की तिनं गोळा परातीत ठेवला, दोन्ही हात पदराला खसाखसा पुसले आणि पाटावरून उतरली.

"अक्काला हाक मार," ती म्हणाली. "त्यांना म्हणावं, पहिली लड तुम्ही सोडा. माझा हात नको."

मायचं डोकं उतरलं. बघता बघता उतरलं! ती फडकं सोडून बाहेर आली, चूळ भरली, पाटावर बसली. आणि मग गल्ली आली. दाराआड उभ्याच होत्या जणू. पाहुणे असलेली आली, अंग मोडून आलेली आली, बांगड्या वाजल्या, गाणं सुरू झालं. माझ्या मायच्या हातची लड जाड, ओबडधोबड, दोरखंडासारखी उतरली, तिला सगळ्यांनी हळदकुंकू वाहिलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "आता कसं! शहाणपण हाय हो बाईला." काकू भिंतीला टेकून बसली होती, आणि या वेळी तिला कुणी बसा म्हटलं नव्हतं.

लग्नात काकूनं लेकीला हळद लावली नाही. तेल लावलं नाही, मुंडावळ्या बांधल्या नाहीत. कन्यादानाला माझे आई-वडील बसले. काका म्हणाले, वडीलभाऊ बसतो त्यात काय. मायनं नवीन लुगडं नेसून लेकीच्या हातावर पाणी सोडलं आणि डोळे पुसले. बहीण सारखी मान वळवून मागं बघत होती. काकू खांबाआड होती, हात पदराखाली. अंतरपाटाच्या आधी बहीण माझ्या कानात म्हणाली, "माय माझ्याजवळ कामून येईना? मी काय केलं?"

पुढं मोठी झाल्यावर, नांदेडला शिकायला जाऊन आल्यावर, मी मायला धारेवर धरलं. ती म्हणाली, "मी काय बोलले का तिला? सांग, एक शब्द तरी बोलले का?" बरोबर आहे. नाही बोलली. कुणीच काही बोललं नाही. सबंध गल्लीला विचारा, सगळ्यांचे हात स्वच्छ आणि तोंडं गोड.

आणि एकदा ही विद्या आली की ती एकीपुरती राहत नाही. राज्यात गडबड वाढली त्या वर्षी, पिढ्यान्‌पिढ्या आमच्या गल्लीत लग्नाच्या गाद्या भरायला येणारी पिंजाऱ्याची मुसलमान म्हातारी दारात आली. तिला पाणी दिलं, बसा म्हटलं, ख्यालीखुशाली विचारली आणि काम दिलं नाही. एका घरानं नाही, सगळ्या घरांनी. काही दिवसांनी त्यांच्या दाराला कुलूप दिसलं. आमच्या गावात कुणी कुणाला हाकललं नाही, असं आजही मोठ्या अभिमानानं सांगतात. शाल पांघरायला बोलावतात त्या सभेत हे वाक्य मी कितीदा ऐकलंय.

बहिणीचा संसार चांगला झाला. नवरा कष्टाळू, सासू खरोखरच मवाळ. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली, मुलगा झाला. लेकराला न्हाऊ घालायचं, शेक द्यायचा, अंग चोळायचं, सगळं माझ्या मायनं केलं. काकू पाणी तापवून दाराशी ठेवायची आणि लांबून बघायची. बहिणीनं बरेच दिवस सोसलं. बारशाच्या दिवशी गल्ली जमलेली असताना ती उठली, काकूसमोर गेली आणि लेकरू सरळ तिच्या मांडीवर ठेवलं. "घे माय," म्हणाली. "तुझा नातू हाय. घे त्याला."

काकूचे दोन्ही हात पदराखाली होते, ते बाहेर आले नाहीत. लेकरानं पाय झाडले आणि ते मांडीवरून घसरायला लागलं. काकू किंचाळली, "अक्का, धरा की वो! लेकराला धरा!" पण हात हलवले नाहीत. मायनं धावत येऊन लेकरू जमिनीला टेकता टेकता उचललं.

मला वाटलं, आता तरी कुणाची तरी मान खाली जाईल. मोठ्या बाई मान डोलावत म्हणाल्या, "याला म्हणतात माय. हात आवरला, म्हणून लेकीचं सोनं झालं." बाकीच्यांनी हाव, हाव केलं. इतक्या वर्षांनी त्यांनी काकूला चांगलं म्हटलं होतं. काकूचं तोंड उजळलं. ती लेकीकडं बघून, अगदी पूर्वीच्या मोठ्या आवाजात म्हणाली, "बघ, मी तुला हात लावला न्हाई. म्हणून तुझं चांगलं झालं."

बहिणीनं मायच्या हातातून लेकरू घेतलं आणि आत जाऊन दार लावलं. दुसऱ्या बाळंतपणाला ती माहेरी आली नाही.